छऱ्याची बंदूक कीं रायफल?

एकाच प्राण्याच्या शिकारीविषयीं दोन देशांच्या कायद्यांनीं परस्परविरुद्ध आज्ञा द्याव्या, हें सकृद्दर्शनीं चमत्कारिक वाटतें. इंग्लंड व वेल्स यांसाठीं १९९१ सालीं झालेल्या हरणविषयक कायद्यानें गुळगुळीत नळीची कोणतीहि बंदूक हरणावर चालविण्यास मनाई केली. पिकाचें रक्षण करणाऱ्या शेतमालकासाठीं एक मर्यादित अपवाद ठेवला. उलटपक्षीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ओहायो, आयोवा अशा शेतीप्रधान संस्थानांत कित्येक वर्षें नेहमींची लांब पल्ल्याची रायफलच वर्ज्य होती आणि हरणांच्या हंगामांत रानांत जाणारा मनुष्य बहुधा छऱ्याची बंदूक घेऊनच जात असे. दोन्हीकडचे कायदे करणारे लोक विचारी होते. दोन्हीकडे शिकारीची परंपरा जुनी होती. मग हा विरोध कां उत्पन्न झाला? या प्रश्नाचें उत्तर त्या दोन शस्त्रांच्या इतिहासांतच आहे.

प्रथम दोहोंतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. छऱ्याच्या बंदुकीची नळी आंतून सपाट व गुळगुळीत असते. तिच्या काडतुसांत एका गोळीऐवजीं अनेक छरे भरलेले असतात. पांखरांसाठीं हे छरे मोहरीएवढे बारीक असतात; हरणासाठीं वापरावयाचे छरे वाटाण्याहूनहि मोठे, म्हणजे सुमारें एकतृतीयांश इंच व्यासाचे असतात आणि बारा बोअरच्या साध्या काडतुसांत ते नऊच मावतात. (नळींत बरोबर बसेल अशा बारा गोळ्या मिळून एक रत्तल शिसें होतें, म्हणून ती बारा बोअरची.) बार सुटला कीं छरे पसरूं लागतात. तीस-पस्तीस यार्डांच्या आंत त्यांपैकीं बरेचसे एकत्र लागतात व जनावर जागच्या जागीं पडतें. त्यापलीकडे मात्र एक छरा पोटांत, एक मांडींत, बाकीचे हवेंत, अशी गत होते.

रायफलच्या नळींत आंतून मळसूत्री खांचा पाडलेल्या असतात. त्यांनाच आटे म्हणतात. त्या आट्यांत घट्ट बसून गोळी पुढें सरकते आणि बाहेर पडतांना स्वतःभोंवतीं वेगानें फिरूं लागते. फिरता भोंवरा जसा कलंडत नाहीं, तशी फिरती गोळी आपलें तोंड पुढें ठेवून दूरवर नीट जाते. एवढ्या एका युक्तीनें शिकाऱ्याचा हात पन्नास-साठ यार्डांवरून कित्येक शतें यार्डांवर पोहोंचला. परंतु चुकलेली गोळी कोठें जाऊन पडेल याची चिंताहि तेव्हांपासूनच सुरू झाली.

आट्यांची ही युक्ति नवी नव्हे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस आणि सोळाव्या शतकांत जर्मन भाषा बोलणाऱ्या प्रदेशांत अशा नळ्या तयार होऊं लागल्या होत्या. त्या मुख्यतः नेमबाजीच्या सामन्यांसाठीं व शिकारीसाठीं असत. सैन्यानें त्या बराच काळ दूर ठेवल्या. कारण उघड होतें. बंदूक तोंडाकडून ठासून भरावी लागे. गुळगुळीत नळींत सैल गोळी सहज उतरे. आट्यांत घट्ट बसणारी गोळी मात्र गजानें ठोकून खालीं ढकलावी लागे. शत्रु समोरून चालून येत असतां ही कसरत परवडणारी नव्हती. हरणाची वाट पाहत झाडाआड बसलेल्या शिकाऱ्याला ती परवडत असे. अठराव्या शतकांत जर्मन व स्विस कारागीर हीच विद्या घेऊन अमेरिकेंत पेनसिल्व्हानियांत गेले. तेथें लँकेस्टरच्या परिसरांत त्यांनीं लांब व बारीक नळीची रायफल घडविली. लहान गोळी तेलकट फडक्याच्या चकतींत गुंडाळून नळींत घालावयाची, म्हणजे ती अल्प श्रमानें उतरे आणि आट्यांची पकडहि सुटत नसे. शिसें व दारू दुर्मिळ असलेल्या त्या अरण्यांत एका गोळींत एक हरीण मिळणें ही चैन नव्हती. कुटुंबाच्या पोटाचा तो प्रश्न होता.

तरीहि सर्वसाधारण शेतकऱ्याच्या घरीं गुळगुळीत नळीचीच बंदूक राहिली. ती स्वस्त होती, चटकन् भरतां येत असे आणि तिनें सकाळीं बदक व संध्याकाळीं हरीण मारतां येत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा तोल बदलला. फ्रान्समधील मिन्ये या अधिकाऱ्यानें १८४९ च्या सुमारास अशी निमुळती गोळी प्रचारांत आणली कीं, जी सैलपणें नळींत उतरे आणि बार उडतांच मागील बाजूनें फुगून आट्यांत रुतून बसे. आतां रायफल भरणें सोपें झालें व ती सैनिकाच्या हातीं आली. हिंदुस्थानांत या नव्या शस्त्राचें आगमन कोणत्या स्वरूपांत झालें हें सर्वश्रुत आहे. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल, तिचीं वंगण लावलेलीं काडतुसें आणि त्यांतून १८५७ सालीं पेटलेला असंतोष यांचा उगमहि एका अर्थीं त्या आट्यांतच होता. कारण आट्यांच्या नळींत गोळी सुलभपणें उतरावी यासाठींच वंगणाची आवश्यकता होती.

शिकारीच्या क्षेत्रांत मात्र प्रश्न एवढ्यानें सुटला नाहीं. मध्य प्रांतांतील अरण्यांत काम केलेला जेम्स फोर्सिथ हा अधिकारी या बाबतींत विशेष स्मरणीय आहे. पंचमढीच्या पठारावर १८६२ सालीं त्यानें बांधलेला बंगला आणि त्याच्या मृत्यूच्या वर्षीं, १८७१ सालीं, प्रसिद्ध झालेला सातपुड्याच्या अरण्यांविषयींचा त्याचा ग्रंथ यांमुळें त्याचें नांव लोकांना ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वीं, १८६३ सालीं, त्यानें शिकारी रायफल व तिच्या गोळ्या यांवरहि एक पुस्तक लिहिलें होतें. सैन्याची लांब पल्ल्याची गोळी अरण्यांत निरुपयोगी आहे असें त्याचें प्रतिपादन होतें. साल व बांबू यांच्या दाटींत सांबर दिसतें तें थोड्या अंतरावर आणि क्षणभरच. तेथें हजार यार्डांच्या पल्ल्याला अर्थ नाहीं. जनावर तत्काळ पाडील असा जबर आघात हवा. म्हणून त्यानें मोठ्या नळीची, अगदीं सौम्य पिळाच्या आट्यांची, गोल गोळी व भरपूर दारू घेणारी रायफल पुरस्कारिली. शस्त्र अरण्य पाहून निवडावें, केवळ पल्ला पाहून निवडूं नये, हा त्याच्या प्रतिपादनाचा मथितार्थ होता.

एकाच बंदुकीनें दोन्ही कामें साधावीं, हाहि प्रयत्न हिंदुस्थानांत नोकरी केलेल्या एका अधिकाऱ्यानेंच केला. जॉर्ज व्हिन्सेंट फॉसबेरी याला १८६३ च्या अंबेला मोहिमेंतील शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. त्यानें १८८५ सालीं अशा नळीचा हक्क नोंदविला कीं, जी बहुतेक सर्व लांबींत गुळगुळीत होती आणि केवळ तोंडाशीं दोन-तीन इंचांत तिला आटे होते. तिच्यांतून छरेहि उडत आणि एक जड गोळी शंभर यार्डांपर्यंत नेमकी जात असे. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कारखान्यानें ती ‘पॅराडॉक्स’ या नांवानें विकली आणि हिंदुस्थानांतील शिकाऱ्यांत ती विशेष लोकप्रिय झाली. तितर उठला तर छरे, सांबर उठलें तर गोळी. विरोधाभास हें तिचें नांव सार्थच होतें.

याच सुमारास एक मोठें स्थित्यंतर झालें. १८८४ सालीं फ्रान्समध्यें व्हिएय या रसायनशास्त्रज्ञानें धूरविरहित दारू सिद्ध केली. काळ्या दारूच्या काळांत मंदगति असलेली गोळी आतां सेकंदास दोन हजार फुटांहून अधिक वेगानें जाऊं लागली. अमेरिकन सैन्यानें १९०६ सालीं स्वीकारलेल्या काडतुसाची गोळी, नळी पुरेशी वर उचललेली असल्यास, दोन मैलांच्याहि पलीकडे जाऊन पडते. दुसरीकडे छऱ्याच्या बंदुकीचीहि सुधारणा झाली. जर्मनींत ब्रेनेके यानें १८९८ सालीं आणि अमेरिकेंत फॉस्टर यानें १९३१ सालीं गुळगुळीत नळींतून सुटणारी, तरी हवेंत न कलंडणारी एकच जड गोळी तयार केली. नऊ छऱ्यांच्या जागीं ही एक गोळी भरली, म्हणजे साधी बंदूकहि सत्तर-पाऊणशें यार्डांपर्यंत विश्वासाची होई.

येथें आरंभींच्या कोड्याचा उलगडा होऊं लागतो. ब्रिटनमध्यें, विशेषतः स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरांत, हरणाचा माग काढून रायफलनें त्याला टिपण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकांतच रूढ झाली होती. दक्षिणेकडील शेतांतून मात्र हरीण हा पिकाचा शत्रु मानला जाई. हाकारे घालावे, रांगेनें उभ्या राहिलेल्या लोकांनीं छऱ्यांचे बार काढावे आणि जखमी होऊन पळालेलीं हरणें कोठें तरी झुडपांत तडफडत मरावीं, हा प्रकार तेथें सर्रास चालत असे. त्याविरुद्ध लोकमत जागृत झालें. १९६३ च्या कायद्यानें बारीक छऱ्यांस बंदी केली आणि १९९१ च्या कायद्यानें गुळगुळीत नळीचें शस्त्रच सामान्यतः वर्ज्य ठरवून रायफलच्या गोळीचा व्यास व जोर यांचीहि किमान मर्यादा घालून दिली. या कायद्यामागें दृष्टि आहे ती हरणाच्या वेदनेची.

अमेरिकेंतील कथा निराळी आहे. १९०० च्या सुमारास, बाजारासाठीं झालेल्या बेसुमार हत्येमुळें, तेथील श्वेतपुच्छ हरीण कित्येक संस्थानांतून जवळजवळ नाहींसें झालें होतें. त्याच वर्षीं झालेल्या लेसी कायद्यानें बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापारास आळा घातला. १९३७ च्या एका कायद्यानें बंदुका व दारूगोळा यांवरील कराचें उत्पन्न वन्य प्राण्यांच्या पुनरुज्जीवनाकडे वळविलें. ज्या शस्त्रानें हरीण नाहींसें केलें, त्याच शस्त्रावरच्या करानें तें परत आणलें. परंतु हरीण परतलें तें ओस अरण्यांत नव्हे. मक्याचीं शेतें, सपाट जमीन आणि मैला-मैलावर वसलेलीं घरें यांच्यामध्यें. गोळी अडवील असा डोंगर तेथें नव्हता. म्हणून त्या संस्थानांनीं रायफल बंद केली व थोड्या पल्ल्याची बंदूक ठेवली. या कायद्यामागें दृष्टि आहे ती शेजाऱ्याच्या प्राणाची.

पुढें या समजुतीचीहि परीक्षा झाली. २००७ सालीं पेनसिल्व्हानियाच्या विधिमंडळाच्या एका समितीसाठीं या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास करण्यांत आला. नळी फार वर उचलली गेली तर रायफलची गोळी निःसंशय अधिक दूर जाते, असें त्यांत आढळलें. परंतु नेम जवळजवळ आडवा असतां निराळेंच घडतें. छऱ्याच्या बंदुकीची ती जड, मंद गोळी जमिनीवर आपटून न फुटतां उसळते आणि तिचा एकूण प्रवास रायफलच्या गोळीहून कमी असतोच असें नाहीं. जें शस्त्र निर्धोक म्हणून निवडलें, तें सर्व प्रसंगीं तितकें निर्धोक नव्हतें. दरम्यान कायदेहि थोडे सैल झाले. ओहायोनें २०१४ सालीं व आयोवानें २०१७ सालीं सरळ भिंतीच्या काडतुसांच्या, म्हणजे मर्यादित पल्ल्याच्या, रायफलींस अनुज्ञा दिली. पूर्ण रायफल नव्हे, पूर्ण बंदूकहि नव्हे. फॉसबेरीच्या विरोधाभासासारखाच हा एक मधला मार्ग होता.

महाराष्ट्राला हे दोन्ही पक्ष अपरिचित नव्हते. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानंतर परवान्यावांचून बंदूक बाळगणें हा गुन्हा झाला. रायफल ही संस्थानिक, अधिकारी व धनिक यांच्याच हातीं बहुधा दिसे; सामान्य शेतकऱ्याला पीकरक्षणाच्या परवान्यावर मिळे ती ठासणीची किंवा साधी छऱ्याची बंदूक. रात्रीं माळ्यावर बसून, अंधारांत खसखस ऐकून काढलेला तिचा बार अर्थातच पुष्कळदा अर्धवट लागे. उलट, दख्खनच्या मोकळ्या माळावर काळविटाच्या कळपावर झाडलेली रायफलची गोळी खडकावरून उसळली, तर पलीकडच्या गुराख्याचें काय, हाहि प्रश्न होताच. (शास्त्रदृष्ट्या काळवीट हा मृगकुळांतील नव्हे, कुरंगवर्गांतील आहे, शिकाऱ्यांनीं व कायद्यानें मात्र दोघांचा विचार बहुधा एकत्रच केला.) पीक वांचलें पाहिजे, जनावर हालहाल होऊन मरूं नये आणि माणूस तर मरतांच कामा नये, या तिन्ही गोष्टी एका नळींतून साधणें अवघड होतें.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आणि त्यांतील १९९१ च्या दुरुस्तीनें भारतांत चितळ, सांबर, काळवीट यांची हौसेखातर होणारी शिकार संपुष्टांत आली. हा निर्णय शस्त्राच्या निवडीचा नव्हता. शस्त्र खालीं ठेवण्याचा होता. ज्या वर्षीं इंग्लंडनें हरणासाठीं योग्य नळी कोणती हें ठरविलें, त्याच वर्षीं भारतानें त्या प्रश्नाचें दार लावून घेतलें, हा योगायोग मननीय आहे.

तात्पर्य, छऱ्याची बंदूक श्रेष्ठ कीं रायफल, या वादाला निरपेक्ष उत्तर कधींच नव्हतें. फोर्सिथनें अरण्याकडे पाहून उत्तर दिलें, इंग्लंडनें जखमी हरणाकडे पाहून, ओहायोनें शेजारच्या घराकडे पाहून. तिघांच्याहि उत्तरांत तथ्य होतें आणि तिघांच्याहि उत्तरांत कांहीं तरी सुटलें होतें. गोळी लागली तर काय मिळेल, हें प्रत्येक शिकाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक होतें. ती अर्धवट लागली तर कोणाचे हाल होतील आणि चुकली तर कोणाला लागेल, एवढे दोन प्रश्न विचारावयास मनुष्यजातीला सुमारें चारशें वर्षें लागलीं.