प्रवाहांतील गाळमर्यादा

नदीचे वा ओढ्याचे पाणी ठरवून दिलेल्या प्रतीचे राहावे म्हणून त्यात जास्तीत जास्त किती गाळ येऊ द्यावयाचा, याची कायद्यान्वये निश्चित केलेली सीमा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या पद्धतीचा पाया १९७२ च्या जलप्रदूषणविषयक कायद्याने घातला. प्रत्येक राज्याने आपल्या दूषित प्रवाहांची यादी करून त्यांतील प्रदूषकांचा ‘कमाल एकूण दैनिक भार’ ठरवावा व संघराज्याच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तो तपासावा. राज्याचा प्रस्ताव अमान्य झाल्यास तो संस्थेने स्वतः ठरवावा, अशी तरतूद त्यात आहे. हा भार नळावाटे प्रदूषक सोडणारे निश्चित उगम आणि शेते, रस्ते, जंगलतोड यांसारखे विखुरलेले उगम यांत वाटला जातो व काही अंश सुरक्षिततेसाठी राखून ठेवतात. प्रत्यक्षात बरीच वर्षे ही तरतूद कागदावरच राहिली. राज्याने दीर्घकाळ काहीच न पाठविणे म्हणजे ‘मर्यादा नको’ असा प्रस्ताव पाठविण्यासारखेच होऊ शकते, असे एका अपील न्यायालयाने १९८४ मध्ये ठरविले. त्यानंतर अशा दाव्यांना जोर आला.

गाळाच्या बाबतीत कसोटी ठरली ती कॅलिफोर्नियातील मेंडोसीनो परगण्याच्या गार्सिया नदीची. तिच्या पाणलोट क्षेत्रात रेडवुड व डग्लस फर वृक्षांची जंगले आहेत. तोड व लाकूड ओढण्याच्या वाटा यांमुळे उतार ढासळून माती नदीत उतरली. कोहो सॅमन व स्टीलहेड हे मासे तळाच्या खड्यांत अंडी घालतात. बारीक गाळाने खड्यांमधील फटी बुजल्या, की प्राणवायू वाहून आणणारे पाणी अंड्यांपर्यंत पोहोचत नाही. डोह भरून येतात, ते वेगळेच. कॅलिफोर्नियाच्या १९९२ च्या यादीत गार्सियासह सतरा प्रवाह गाळलेले होते, म्हणून संस्थेने ती यादी नाकारली. मच्छीमारांच्या संघटनांनी केलेल्या दाव्यात १९९७ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार संस्थेने मार्च १९९८ मध्ये गार्सियाची मर्यादा जाहीर केली : दर चौ. मैलास वर्षाला ५५२ टन (चौ. किमी.ला सु. १९३ मेट्रिक टन), म्हणजे पूर्वीच्या भारात ६० टक्के घट.

या नदीत गाळ सोडणारा एकही नळ नव्हता. सारा गाळ विखुरलेल्या उगमांचा. तेव्हा अशा नदीला हे कलम लागूच होत नाही, असा दावा तेथील जमीनमालकांनी केला. वृक्षतोडीवरील अटींमुळे आपले साडेसात लाख डॉलरचे नुकसान होईल, असा अंदाज एका मालकाच्या वनतज्ज्ञाने दिला होता. मात्र जिल्हा न्यायालयाने २००० मध्ये व अपील न्यायालयाने २००२ मध्ये संस्थेची बाजू उचलून धरली; सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये प्रकरण हाती घेण्यास नकार दिला. तथापि या विजयाला मोठी मर्यादा होती. संस्था आकडा ठरवू शकते. तो अमलात आणणे मात्र राज्याच्या हाती असते, आणि विखुरलेल्या उगमांबाबत संघराज्याकडे अनुदान रोखण्यापलीकडे फारसे साधन नाही.

‘दैनिक’ या शब्दाचाही प्रश्न होताच. गाळ मुख्यतः मोजक्या वादळी दिवसांत वाहतो, त्यामुळे वार्षिक मोजमाप शास्त्रदृष्ट्या सयुक्तिक वाटते. परंतु वॉशिंग्टनमधून वाहणाऱ्या ॲनाकॉस्टिया नदीच्या गढूळपणाला संस्थेने मान्य केलेली हंगामी मर्यादा तेथील अपील न्यायालयाने २००६ मध्ये अमान्य केली. कायद्यातील दैनिक म्हणजे दैनिकच, असा त्याचा निर्णय होता.

व्हर्जिनियातील ॲकोटिंक ओढ्यासाठी संस्थेने गाळाऐवजी पावसाच्या वाहत्या पाण्यावरच मर्यादा घातली. शहरी फरसबंदीवरून वेगाने येणारे पाणी काठ खरवडते व त्यातून गाळ निर्माण होतो, हे तिचे कारण भूशास्त्राला धरून होते. परंतु गाळ प्रदूषक असला, तरी पाणी हे प्रदूषक नव्हे, असे सांगून न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये ती मर्यादा रद्द केली. त्या दशकाच्या उत्तरार्धात व्हर्जिनिया राज्याने याच ओढ्यासाठी गाळाच्या वजनावर आधारित मर्यादा तयार केली.