पोकरमध्ये फ्लॉपच्या आधी काय करायचं? छोट्या टेबलांचा हिशोब

टेक्सस होल्डेम पोकरमध्ये प्रत्येकाला आधी दोन पत्ते मिळतात. टेबलावर पहिले तीन पत्ते उघडतात तो फ्लॉप, आणि त्याआधीची पैसे लावायची फेरी म्हणजे प्रीफ्लॉप. २ आणि ५ सेंटच्या ब्लाइंडची (पत्ते वाटण्याआधी दोघांनी भरायची सक्तीची रक्कम) छोटी ऑनलाइन टेबलं घ्या. तिथे चुकांची सुरुवात इथेच होते, कारण पत्ते टाकून द्यायचा लोकांना कंटाळा येतो.

आधी एक गोष्ट. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर भारतात २०२५च्या कायद्याने बंदी घातली आहे. व्हीपीएन लावून बाहेरच्या साइटवर जायचा जुगाड करू नका. पुढचं गणित फुकटच्या चिप्सवर करून बघा, फक्त तिथे कोणीच फोल्ड करत नाही हे लक्षात ठेवा.

५२ पत्त्यांमधून दोन पत्त्यांच्या १३२६ जोड्या बनतात. त्यात दोन एक्के फक्त ६ वेळा, म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा. दोन सारखे पत्ते, कुठलेही, १७ डावांत एकदा. म्हणजे बहुतेक वेळा हातात कचराच असतो आणि तो टाकणं हेच बरोबर खेळणं आहे. एक्का-सत्ती दिसायला छान वाटते, पण समोर एक्का-राजा असेल तर तो ७० टक्क्यांहून जास्त वेळा जिंकतो. वर बऱ्याच साइट्स फ्लॉप उघडला की पॉटमधून आपलं कमिशन, म्हणजे रेक, कापतात. नुसतं 'बघूया तरी' म्हणून कॉल करणारा दोन्हीकडून मार खातो.

मग खेळायचं काय? ते जागेवर ठरतं. सहा जणांच्या टेबलावर पहिल्यांदा बोलायची वेळ तुमची असेल तर मी साधारण १५ टक्के हात खेळेन, बटनवरून ४० टक्क्यांपर्यंत. बटनवाला फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलतो, बाकीच्यांनी काय केलं ते त्याला आधी कळतं.

खेळायचं ठरलं तर रेज करा, बिग ब्लाइंडच्या अडीच-तीन पट. आधी कोणी नुसतं कॉल करून आत आलं असेल तर प्रत्येकामागे एक बिग ब्लाइंड वाढवा. दोन एक्के एका अनोळखी हातासमोर ८५ टक्के वेळा जिंकतात, पाच जण आत असले तर जेमतेम ४९. गर्दी कमी करण्यातच फायदा आहे.

छोट्या जोड्यांचं वेगळं. दोन चौक्यांना फ्लॉपवर तिसरी चौकी साधारण साडेआठ वेळांत एकदा मिळते. समोरच्याकडे मागे भरपूर चिप्स असतील तरच कॉल परवडतो.

री-रेजचा ब्लफ इथे फारसा चालत नाही, लोक कॉल करतातच. आणि तासभर गप्प बसलेल्या माणसाने री-रेज केलं तर एक्का-गुलाम निमूट खाली ठेवा.