फॅक्टर फाइव्ह लायडेन : एका गुठळीची कुळकथा

मेंदूतले रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी झाली की रक्त मागे तुंबते. कवटीतला दाब वाढतो, डोके ठणकते, नजर धूसर होते, झटके येतात. १८२५ साली रिब या फ्रेंच डॉक्टरने हा विकार नोंदवला. रुग्ण बरेचदा तरुण असतात आणि त्यांत स्त्रिया अधिक. अनेकांच्या रक्तात गोठण्याचा जन्मजात दोष निघतो. अशा दोषांपैकी युरोपात सर्वांत जास्त आढळणारा म्हणजे फॅक्टर फाइव्ह लायडेन.

फॅक्टर फाइव्ह हा रक्त गोठवणारा एक घटक. त्याचा शोध मात्र लागला तो रक्त न थांबणाऱ्या एका स्त्रीमुळे. १९४३ साली ऑस्लोत पॉल ओव्रेन तिच्या रक्ताचा छडा लावत होते. तोवर गोठण्याचे चार घटक ठाऊक होते. तिच्यात कमी पडत होता तो पाचवा. पुढे १९९३ साली स्वीडनमधल्या माल्मो शहरात ब्यॉर्न डालबेक यांना उलटे चित्र दिसले. गोठणे आवरणारे सक्रिय प्रोटीन सी घालूनही काही रुग्णांचे रक्त दाद देत नव्हते. वर्षभरात नेदरलँड्समधल्या लायडेनच्या बर्टिना यांच्या गटाने कारण शोधले : पाचव्या घटकात ५०६ व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन. प्रोटीन सीची कात्री नेमकी तिथेच चालायची. आता ती बोथट ठरते आणि गोठणे चालूच राहते.

खरी गंमत पुढे आहे. हा दोष असलेल्यांच्या जनुकाच्या आजूबाजूच्या खुणाही सारख्याच निघाल्या, म्हणजे बदल बहुधा एकाच पूर्वजात झाला. अंदाज २१ ते ३४ हजार वर्षांपूर्वीचा. आफ्रिका आणि पूर्व आशियातल्या मूळ रहिवाशांत तो जवळजवळ नाही, युरोपात सुमारे ५ टक्के लोकांत आहे. भारतात एकंदरीत विरळ. पण मुंबईतल्या संशोधकांना पारशी समाजात तो ठळकपणे आढळला. पारशी हजारेक वर्षांपूर्वी इराणहून गुजरातच्या किनाऱ्याला लागले आणि बेटीव्यवहार आपसातच ठेवत आले. तेव्हा हा बदल त्याआधीच इराणात पोचलेला असणार.

गुठळ्या करणारे जनुक इतकी वर्षे टिकले कसे? सर्वांत पटणारे उत्तर बाळंतपणाचे. स्वीडनमधल्या पाहणीत हा बदल असलेल्या स्त्रियांचा प्रसूतीतला रक्तस्राव कमी भरला. रक्तस्रावाने बाळंतिणी दगावत त्या काळात हा फायदा मोठाच. विरोधक म्हणतात, छोट्या टोळीत निव्वळ योगायोगानेही जनुक पसरते. पण योगायोगाने एखादे जनुक तगले तरी अर्ध्या खंडात ५ टक्क्यांवर नेऊन बसवायला अधिक काही लागते. गुठळ्यांचा धोका बहुतेकांना उतारवयात, मुले झाल्यावर येतो, हेही याच बाजूने जाते.

भारतातल्या बाळंतिणींच्या गुठळ्यांचे खापर मात्र लायडेनवर फोडता येत नाही. येथे बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरेत गुठळी होण्याचे प्रमाण फार, आणि लायडेन क्वचित. दोष जातो तो रक्तक्षयाकडे, जंतुसंसर्गाकडे, बी-१२च्या अभावाने रक्तात वाढलेल्या होमोसिस्टीन या द्रव्याकडे आणि ओल्या बाळंतिणीला पाणी तोडण्याच्या जुन्या रीतीकडे.

मेंदूतल्या गुठळीवर उपचार हेपॅरिन या गोठणे रोखणाऱ्या औषधाचा. १९९१ साली जर्मनीत २० रुग्णांवर चाचणी झाली. औषध मिळालेल्या दहांपैकी कोणी दगावले नाही, न मिळालेल्या दहांपैकी तिघे गेले. रक्तातला जन्मजात दोष शोधताना वेळ सांभाळावी लागते : वॉरफेरिन हे गोठणे रोखणारे औषध चालू असताना गोठणे आवरणारी प्रोटीन सी आणि प्रोटीन एस कमीच भरतात, गरोदरपणात प्रोटीन एस घसरते. लायडेनची जनुकचाचणी मात्र केव्हाही चालते.