कूलगार्डी : सोने आणि पाणी

१८९२ सालच्या सप्टेंबर महिन्यात आर्थर बेली हा सोनेशोधक पश्चिम ऑस्ट्रेलियातील सदर्न क्रॉस येथील खाण-अधिकाऱ्यापुढे ५५४ औंस सोने घेऊन उभा राहिला. विल्यम फोर्ड या सोबत्यासह त्याला ते आणखी पूर्वेस, निर्जल माळावर सापडले होते. तेथेच, पर्थपासून सुमारे ५५० किलोमीटरवर, कूलगार्डी वसले. १८९८ च्या सुमारास तेथील वस्ती १५,००० वर गेली आणि पर्थ व फ्रीमँटल यांच्या खालोखाल ते त्या वसाहतीतील तिसरे नगर ठरले. गावाचे आद्य पुरुष म्हणून बेली व फोर्ड यांचाच उल्लेख होतो. आम्हांला मात्र वाटते, या गावाचा इतिहास पाण्याच्या बाजूने वाचावा. म्हणजे आणखी काही माणसे दिसू लागतात.

पहिली दिसतात ती तेथील मूळ रहिवाशांची कुटुंबे. खडकातील नैसर्गिक खळग्यांत पावसाचे पाणी साठते. ते उन्हाने आटू नये, जनावरांनी नासू नये म्हणून ही माणसे खळग्यांवर शिळा वा फांद्या ठेवीत आणि बेताने पाणी घेत. सोन्यासाठी आलेल्यांचे घोडे व माणसे याच खळग्यांवर तुटून पडली. पिढ्यान् पिढ्या जपलेला साठा काही दिवसांत संपे.

मग खारे पाणी उकळून, त्याची वाफ निववून गोडे पाणी करणारी यंत्रे आली. त्यांच्या भट्ट्यांत भोवतालचे रान जळाले. पाणी गॅलनच्या हिशेबाने विकले जाई. गरिबाने अंघोळीचा विचारही करू नये, अशी स्थिती होती.

रेल्वे येण्यापूर्वी अन्न, अवजारे व पाणी वाहून आणले ते उंटांनी. त्यांचे हाकारे अफगाणिस्तानातून, तसेच तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील बलुचिस्तान, सिंध, पंजाब या भागांतून आलेले होते. सर्वांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले जाई. त्यांच्या श्रमांवर गाव जगत होते. परंतु आशियाई माणसाला सोने खणण्याचा परवाना देण्यास कायद्याची मनाई होती. ओझे वाहण्यास ते चालत, वाटा मागण्यास चालत नसत.

अस्वच्छ पाणी व शौचकूपांचा अभाव यांमुळे विषमज्वराने तंबूच्या तंबू रिकामे केले. १८९५ मध्ये बिशप मॅथ्यू गिबनी यांच्या आमंत्रणावरून आयर्लंडहून पर्थला आलेल्या सेंट जॉन ऑफ गॉड संस्थेच्या धर्मभगिनी सुवर्णक्षेत्रात गेल्या व त्यांनी या रुग्णांची शुश्रूषा केली.

अखेरीस आयरिश वंशाचे अभियंते सी. वाय. ओकॉनर यांनी पर्थजवळ मुंडारिंग येथे धरण बांधून ८ पंपगृहांच्या साहाय्याने सुमारे ५३० किलोमीटर नळातून पाणी चढवून आणण्याची योजना आखली. वृत्तपत्रांनी व विरोधकांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. १० मार्च १९०२ रोजी, काम पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांनी आपले जीवन संपविले. २४ जानेवारी १९०३ रोजी योजनेचे रीतसर उद्घाटन झाले. तोवर कूलगार्डीचे सोने ओसरू लागले होते आणि लोक गाव सोडून जात होते. तो जलमार्ग मात्र आजही चालू आहे. शेजारचे कॅलगुर्ली नगर व वाटेवरील शेतवाड्या त्यावर जगतात.

आज कूलगार्डीत हजारभरही माणसे नाहीत. रुंद रस्ता, १८९८ ची न्यायकचेरी आणि मोठी दफनभूमी एवढे वैभव उरले आहे. १८७५ मध्ये उंटांवरून वाळवंट ओलांडणारा अर्नेस्ट जाइल्स येथेच पुरलेला आहे. कचेरीत कारकुनी करीत असता १८९७ मध्ये तो वारला. त्या प्रवासात उंटांची जबाबदारी सांभाळणाऱ्या सालेहचे नाव किती जणांना ठाऊक आहे? कोणत्याही गावाचा इतिहास लिहिताना प्रथम सापडलेल्या धनाची नोंद होते. तहानलेल्यास पाणी कोणी दिले, ही नोंदही तितक्याच आदराने व्हावी, असे आम्हांस वाटते.