१ जूनवाली माणसं

लोहाऱ्याला (यवतमाळच्या शेजारचं, मराठवाड्यातलं नव्हे) आमच्या जुन्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो! तुमच्याही घरी एखादा १ जूनवाला असेलच. मूल शाळेत आलं की तारीख कुणालाच माहीत नसायची. आई म्हणणार, "दुष्काळात झाला." मग गुरुजी अंदाजाने साल टाकणार आणि पुढे १ जून, कारण शाळा जूनमध्ये उघडायची. आपल्या भाषेत डिफॉल्ट व्हॅल्यू. जन्मनोंदणीचा देशभर लागू असलेला कायदा आला तो थेट १९६९ साली.

मग कागदाऐवजी शरीरालाच वय विचारलं तर? कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांत ९ वर्षांखालच्या मुलांना बंदी आली, पण जन्मदाखले होते कुठे? १८३७ साली एडविन साँडर्स या दंतवैद्याने दात मोजून वय ठरवण्याची पद्धत मांडली. नंतर एक्स-रे आला. हाताच्या हाडांचा ग्रॉयलिश आणि पाइल यांचा प्रसिद्ध अ‍ॅटलास १९५० चा. त्यातली मुलं मात्र अमेरिकेतल्या क्लीव्हलँडची, गोरी आणि सुखवस्तू. कुपोषित मुलाची हाडं उशिरा पिकतात, म्हणजे गरिबाचं पोर या मापाने लहानच दिसणार. १९८२ साली जयमाला खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलं, की एक्स-रेवरून काढलेलं वय दोन्हीकडे दोन-दोन वर्षांनी चुकू शकतं.

दोन वर्षांनी काय बिघडतं? अठराच्या उंबरठ्यावर सगळंच बिघडतं.

पुण्यात १९९४ साली एका घरातल्या सात जणांची हत्या झाली. एका आरोपीवर प्रौढ म्हणून खटला चालला, १९९८ मध्ये फाशी सुनावली गेली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २००५ मध्ये तुरुंगात असताना त्याची वैद्यकीय तपासणी झाली. निष्कर्ष : वय २२ पेक्षा जास्त, ४० पेक्षा कमी. हे उत्तर चूक नव्हतं, फक्त निरुपयोगी होतं! शेवटी राजस्थानातल्या एका शाळेच्या रजिस्टरवरून ठरलं, की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. मार्च २०२३ मध्ये तो सुटला. त्या वयाच्या मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतं. हा अठ्ठावीस वर्षं आत होता. आणि ज्या कुटुंबातले सात जीव गेले, त्यांच्यासाठी हा हिशोब कोणत्याच बाजूने जुळत नाही.

आता डीएनएवरून वय काढतात. स्टीव्ह होर्वाथचं २०१३ मधलं घड्याळ ३५३ जागा तपासतं, तरी सरासरी चूक साधारण साडेतीन वर्षांची. गंमत म्हणजे डॉक्टरांना ही 'चूक'च हवी असते. कागदावर चाळीस आणि शरीर पन्नाशीचं, हीच तर बातमी! शरीर किती झिजलं हे सांगतं, कधी जन्मलं हे नाही. कोर्टाला मात्र नेमकं दुसरंच हवं असतं.

म्हणूनच २०१५ च्या बालन्याय कायद्यात आधी शाळेचा दाखला, मग पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. म्हणजे फिरून गुरुजींच्या अंदाजावरच! १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना मात्र शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच लागणार. १ जूनवाल्यांची जमात आता संपत चालली आहे. घरात बाळ आलं असेल तर फोटो नंतर काढा, दाखला आधी.