संमतिपत्र आणि एकोणीस वर्षे

रुग्णहक्कांचा इतिहास कलमांपेक्षा एखाद्या खटल्याच्या कालक्रमातून अधिक स्पष्ट दिसतो, असे मला वाटते. ऑक्टोबर १९९० मध्ये हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये अभियांत्रिकीच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या छातीतील गाठीवर शस्त्रक्रिया झाली. संमती केवळ तपासणीसाठी होती; प्रत्यक्षात गाठच काढली गेली. ती मणक्यालगत असूनही मेंदू व मज्जारज्जूच्या शल्यविशारदास पाचारण केले नव्हते. शस्त्रक्रियेनंतर कमरेखालचे शरीर लुळे पडले.

वैद्यकीय सेवा १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते काय, हेच तेव्हा वादग्रस्त होते. सर्वोच्च न्यायालयाने तो वाद व्ही. पी. शांता प्रकरणात १९९५ साली मिटवला. या रुग्णास राष्ट्रीय आयोगाने १९९९ मध्ये साडेपंधरा लाख रुपये मंजूर केले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते एक कोटी केले. चाकाच्या खुर्चीतून त्याने स्वतःच युक्तिवाद केला होता.

शांता निकालाची दुसरी बाजू मात्र प्रशासनाने विसरू नये. जेथे सर्वांवरच विनामूल्य उपचार होतात, तेथील रुग्ण ‘ग्राहक’ ठरत नाही. ज्याच्यापाशी पैसे नाहीत, त्याच्याच वाट्याला दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता येतो. म्हणूनच सरकारी रुग्णालयात अंगठा घेण्यापूर्वी काय कापले जाणार, कोणता धोका आहे, हे रुग्णाच्या भाषेत सांगून तशी नोंद ठेवणे, हे मी अधीक्षकाचे पहिले कर्तव्य मानतो.