लॉगिंग, संगणकीय

चालू आज्ञावलीत काय घडते याची वेळेसह क्रमवार नोंद ठेवण्याची व्यवस्था. संहितेत जागोजागी मजकूर छापण्याच्या सूचना घातल्या, तर नको असलेला मजकूर थांबवण्यासाठी पुन्हा संहितेतच हात घालावा लागतो. लवचीक लॉगिंगमध्ये संदेश निर्माण करणे, गाळणे व पोचवणे ही कामे वेगळी असतात. त्यामुळे असा बदल कॉन्फिगरेशन फाइलमध्येच करता येतो.

प्रत्येक संदेशाला गांभीर्याची पातळी असते. एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात सेंडमेल या ईमेल आज्ञावलीसाठी घडवलेल्या सिसलॉगमध्ये ० (आणीबाणी) ते ७ (डीबग) अशा आठ पातळ्या आहेत. पायथनमध्ये २००३ पासून लॉगिंगची स्वतंत्र सोय आहे.

महाड औद्योगिक वसाहतीसारख्या रसायन कारखान्यांच्या परिसरात अशा लॉगिंगचे मोल विशेष जाणवते. उदा., ‘०२:१४:०७ | इशारा | रिॲक्टर २ | तापमान मर्यादेबाहेर’ ही ओळ ऑपरेटरच्या पडद्यावर, फाइलमध्ये व दूरच्या सर्व्हरवर एकाच वेळी जाऊ शकते. डीबग संदेश मात्र फाइलपुरतेच ठेवता येतात. जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीच्या पुरात महाड शहर बुडाले होते. म्हणून नोंदींची एक प्रत सावित्रीच्या खोऱ्याबाहेर असावी.

नोंदीत पासवर्ड येऊ देऊ नयेत आणि बाहेरून आलेला मजकूर आज्ञा म्हणून चालवला जाऊ नये. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेला ‘लॉग४शेल’ हा जावाच्या एका लॉगिंग संचातील दोष यातल्या दुसऱ्या निष्काळजीपणातून आला. सर्ट-इन या भारताच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतात संस्थांनी नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे.